साडेतीन एकर आणि वीस हजार चौरस मीटरचा उंबरठा

माझ्या मावसभावाची, बापूची, बेळगावच्या दक्षिणेला नाल्याच्या अंगाला साडेतीन एकर भाताची जमीन आहे. मास्टर प्लॅनमध्ये ती पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी वापरात पडली आणि त्या दिवसापासून घरात चहाचं आधण उतरलेलं नाही. एक एजंट म्हणतो लेआउट करून प्लॉट पाडा. एक बिल्डर म्हणतो जॉइंट डेव्हलपमेंट करा, जमीन तुमची, बांधकाम माझं, १६० फ्लॅट बसतात. तिसरा कोणीतरी आसपासच्या खातेदारांना गोळा करून टाउनशिपची स्वप्नं विकतो आहे. भाव, टक्केवारी, आगाऊ रक्कम यावर घरात भरपूर खल झाला. पर्यावरण मंजुरीचा विषय निघाला तेव्हा मात्र प्रत्येकाने एकच वाक्य टाकलं, ‘ते आम्ही बघून घेतो.’

मी वीसेक वर्षं आर्किटेक्टच्या कार्यालयात नकाशे आणि फायली केल्या. ‘बघून घेतो’ म्हणणारे पुढे काय बघतात ते माहीत आहे. म्हणून बापूसाठी मांडलेला हा हिशेब इथे लिहितो. सीमाभागात अशाच पेचात बसलेली घरं पुष्कळ आहेत.

आधी नियम एकदा सरळ समजून घ्या. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना आहे. तिच्या यादीत आठव्या क्रमांकावर बांधकामं येतात. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटरपासून १,५०,००० च्या आत असेल तर ८(अ). त्याच्या वर गेलं, किंवा जमीन ५० हेक्टर वा जास्त असेल तर ८(ब). दोन्हीला आधी मंजुरी, मग काम. वीस हजारांच्या आत असाल तर या अधिसूचनेचा तुमच्याशी संबंध नाही. बिनशेती (एनए), बुडाने म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची गरज असेल तिथली संमती, रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालची नोंद, ही बाकीची कागदपत्रं आहेतच.

आता बापूपुढच्या तीन वाटा.

प्लॉट पाडले तर

साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, साधारण १४,१६० चौरस मीटर. रस्ते, बाग, सार्वजनिक सोयींची जागा सोडून विकायला निम्म्याहून थोडी जास्त उरते. तीस-चाळीसचे सत्तरेक प्लॉट निघतात. तुम्ही स्वतः बांधकाम करत नाही आणि जमीन ५० हेक्टरच्या जवळपासही नाही, त्यामुळे पर्यावरण मंजुरी लागत नाही. एनए झालं, लेआउट मंजूर झाला, रेरात नोंद झाली, की विक्री सुरू. (रेराची नोंद ५०० चौरस मीटरच्या वर लागते, तेव्हा ती टळत नाही.) वेळ कमी, बिल्डरवर अवलंबून राहणं कमी, हातात पैसा लवकर. घरात वाटण्या व्हायच्या असतील तर प्लॉट सोयीचेही पडतात, ज्याचा त्याला तोडून देता येतो.

म्हणून कोणालाही ही वाट निर्धोक वाटते. मीही बरीच वर्षं तेच सांगत आलो. पण जरा माणसं मोजा. सत्तर प्लॉट, प्रत्येकावर खाली एक आणि वर एक बिऱ्हाड, आणि बेळगावात वरचा मजला भाड्याला देणं ही रीतच आहे. म्हणजे १४० बिऱ्हाडं, सातशे माणसं. बिल्डरच्या १६० फ्लॅटमध्ये आठशे राहतील. फरक शंभराचा.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा बांधकाम संहितेतला आकडा धरला, तर प्लॉटवाल्या वस्तीला रोज साडेचौऱ्याण्णव हजार लिटर पाणी लागेल. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर येईल. ते जाणार कुठे? ड्रेनेजची लाइन आली तर ठीक. नाहीतर सत्तर शौचखड्डे, सत्तर बोअरवेल, आणि एकाच्या खड्ड्यापासून दुसऱ्याची बोअर तीस फुटांवर. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पावसाळ्यात खड्डे वर येतात आणि सगळं नाल्याला लागतं. या वस्तीचा कुठलाही अहवाल कुठल्याही समितीपुढे जात नाही, कारण कायदा चौरस मीटर मोजतो. जमिनीला मोजावी लागतात ती माणसं.

या साडेतीन एकरांखेरीज बापूची दीड एकर नाल्याच्या खालच्या बाजूला आहे, हे इथे सांगायला हवं. तिथे तो बासमती लावतो. प्लॉट पाडून जे वरून सोडायचं, ते त्याच्याच बांधावर येऊन थांबणार आहे.

अपार्टमेंट बांधलं तर

बिल्डरचा कागद बापूने मला दाखवला. १६० फ्लॅट, सरासरी १,०५० चौरस फूट. गुणाकार केला तर १,६८,००० चौरस फूट, म्हणजे १५,६०० चौरस मीटर. ‘वीस हजारांच्या आतच आहे की, मंजुरीची भानगड नाही,’ असं त्याने छातीठोक सांगितलं होतं.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. एफएआर, म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण, काढताना पार्किंग वगळतात. पर्यावरणाच्या हिशेबात तळघर, पार्किंग, जिना, लिफ्ट, पंपघर, क्लबहाउस, जे जे छताखाली आहे ते सगळं धरतात. या प्रकल्पात पार्किंगचे ४,४०० आणि बाकीचे १,३०० मिळवले की बेरीज २१,३०० होते. उंबरठा ओलांडला.

बिल्डरला हे दाखवल्यावर त्याच्याकडे दुसरं उत्तर तयारच होतं. दोन फेज करू, एक बापूच्या नावाने, दुसरी भावाच्या. हा सल्ला तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगतो. रस्ता एक, पाण्याची टाकी एक, क्लबहाउस एक, जाहिरातीत नाव एक, तर कागदावर दोन असून उपयोग नाही. तक्रार झाली की दोन्हींची बेरीज होते. शिवाय आधी लहान बांधून मग वाढवलं आणि उंबरठा ओलांडला, तर त्या वाढीलाही आधी मंजुरी घ्यावी लागते, हे अधिसूचनेतच आहे. वसतिगृह दाखवा, शाळा दाखवा, त्यांना सूट आहे, असंही कोणी सांगेल. ती सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली.

खरोखर वीस हजारांच्या आत राहायचं असेल तर फ्लॅट कमी करा. १४० फ्लॅट केले तर बेरीज उंबरठ्याच्या खाली येते. तो प्रामाणिक मार्ग आहे. पण वीस फ्लॅट सोडून नेमकं काय वाचतं, ते आधी बघा.

८(अ) च्या प्रकल्पाला पूर्ण पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल लागत नाही. अनेकांना हे माहीतच नसतं. ते जनसुनावणीच्या धास्तीने दोन पावलं मागे सरतात. जनसुनावणीही नाही, आठव्या क्रमांकाच्या बांधकामांना ती लागू नाही. (माझ्या मते असायला हवी होती, निदान नाल्याकाठच्या प्रकल्पांना.) लागतो तो फॉर्म १, फॉर्म १-अ आणि संकल्पना नकाशा. अर्ज परिवेश या पोर्टलवर जातो. राज्याची तज्ज्ञ समिती तपासते, राज्य प्राधिकरण निर्णय देतं. कागदावर समितीला ६० आणि प्राधिकरणाला ४५ दिवस. प्रत्यक्षात प्रश्न विचारले जातात, उत्तरं परत जातात, बैठका पुढे ढकलल्या जातात. या समित्यांची मुदत तीन वर्षांची असते आणि नवी नेमायला उशीर झाला की फायली नुसत्या पडून राहतात. तेव्हा १०५ दिवसांवर करारातल्या तारखा बांधू नका.

फॉर्म १-अ मात्र वाचण्यासारखा आहे. जमिनीचा उतार किती, पावसाचं पाणी आज कुठून जातं, बांधकामानंतर कुठून जाईल, पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, झाडं किती तुटणार, खोदलेली माती कुठे टाकणार, वाहनं किती वाढणार. घरातल्या कर्त्या माणसाने विचारावेत असेच हे प्रश्न आहेत. सल्लागार बहुतेक वेळा आधीच्या प्रकल्पाची उत्तरं चिकटवतात. मी एका फायलीत बेळगावच्या प्रकल्पापुढे समुद्राची भरती-ओहोटी ‘लागू’ म्हणून भरलेली पाहिली आहे.

आठशे माणसांना रोज १,०८,००० लिटर पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पण तुमच्या दारात किती येईल याचं पत्र आणल्याशिवाय त्यावर इमला उभारू नये. नळ नसेल तर दहा हजार लिटरचे अकरा टँकर, रोज. मंजुरीच्या अटींत सांडपाणी प्रक्रिया केंद्र येतं आणि तिथे हिशेब बदलतो. १३५ पैकी ४५ लिटर पाणी फ्लशला जातं असं संहिता धरते. तेवढं प्रक्रिया केलेल्या पाण्यातून दिलं तर रोज ३६,००० लिटर ताजं पाणी वाचतं. साडेतीन टँकर. वीस वर्षं त्या इमारतीत राहणाऱ्यासाठी ही रक्कम मंजुरीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठी आहे.

हे केंद्र चाललं तर. मी स्वतः ज्या अपार्टमेंटमध्ये सहा वर्षं राहिलो, तिथलं केंद्र दुसऱ्या वर्षी बंद पडलं. विजेचं बिल परवडत नाही म्हणून सोसायटीने टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद केला आणि रात्री टाकी नाल्यात सोडायला सुरुवात केली. पुढे दर १ जून आणि १ डिसेंबरचा, मंजुरीच्या अटी पाळल्याचा अनुपालन अहवाल कोण देतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. बिल्डर केव्हाच निघून गेलेला. म्हणून जॉइंट डेव्हलपमेंटच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मंजुरी कोणाच्या नावावर, अटी मोडल्या तर दंड कोण भरणार, आणि सोसायटीकडे ताबा देताना केंद्र चालू स्थितीत आहे हे कोण तपासणार. २०२३ च्या जन विश्वास कायद्यानंतर पर्यावरण कायद्याखालचा दंड दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत जातो. सातबारा तुमचा असो की कन्नड उतारा, नोटिसीवर जमीनमालकाचं नाव येऊ शकतं.

आणखी एक. मंजुरी येईपर्यंत कुंपणाशिवाय काही करता येत नाही. जमीन तयार करणं हेसुद्धा काम धरलं जातं. आपल्याकडे करारावर सही झाली की दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो आणि भाताच्या खाचरात मुरूम पडायला लागतो. तो मुरूमच पहिलं उल्लंघन. ‘नंतर नियमित करून घेऊ’ म्हणणाऱ्याला सांगा की मागाहून मंजुरीची वाट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंद केली आणि तोच निकाल त्याच नोव्हेंबरमध्ये बहुमताने मागे घेतला. सहा महिन्यांत जो प्रश्न दोनदा उलटला, त्याच्या भरवशावर बापजाद्यांची जमीन लावायची नसते.

टाउनशिप

यावर फार शाई खर्च करत नाही. ५० हेक्टर म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास. आपल्या भागात जमिनीचे तुकडे बघता तेवढ्यासाठी शंभरएक खातेदार एका मांडवाखाली आणावे लागतील, आणि आपल्याकडे दोन सख्खे भाऊ मोजणीला एकत्र उभे राहत नाहीत. तरीही कोणी आलंच, तर ८(ब) ला पूर्ण अहवाल लागतो, तोही मान्यताप्राप्त सल्लागाराकडून. त्यासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची, तीन महिन्यांची हवा, पाणी, माती, आवाजाची मोजमापं घ्यावी लागतात. मे महिन्यात करार केलात तर मोजमापं पाऊस ओसरल्यावरच सुरू होणार. ते अर्धं वर्ष धरूनच बोला.

या ‘पावसाळा सोडून’वर माझा जुना राग आहे. जानेवारी ते मार्चमध्ये बळ्ळारी नाला बघितला तर एक काळी रेघ दिसते. जुलैत तोच नाला येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात पसरतो, लावलेलं भात कुजतं, दुबार लावणी करावी लागते. अहवालातला नाला आणि आमचा नाला हे दोन वेगळे नाले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे कुठल्याही यंत्रापेक्षा बांधावरचा माणूस अचूक सांगतो. अट अहवालाची असो की फॉर्म १-अ ची, ही पूररेषा मालकानेच सल्लागाराच्या हातात द्यावी. देऊन पोच घ्यावी.

तीच साडेतीन एकर दुसरीकडे असती तर

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडे जमीन असेल, तर वरची तुलना जवळजवळ गैरलागू होते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, शेजारी भीमगड अभयारण्य आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात खानापूरची गावं आहेत. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. कर्नाटक सरकारने या शिफारशींना नकार दिला आहे, पण अधिसूचना केंद्राने काढायची आहे. मसुद्यात २०,००० चौरस मीटर वा त्यावरच्या नव्या बांधकामांना आणि टाउनशिपना बंदीच आहे. म्हणजे अपार्टमेंटची वाट धरून पैसा गुंतवलात आणि मसुदा अंतिम झाला, तर मंजुरीला उशीर होणार नाही, ती मिळणारच नाही. तिथे लहान, विरळ बांधकाम एवढाच शहाणपणाचा पर्याय. मालकी जमीन असली तरी तिच्यावरच्या झाडांना कर्नाटकाचा १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो आणि अभयारण्याच्या भोवतालच्या संवेदनशील पट्ट्याचे नियम वेगळे. एक चांगली गोष्ट: जांभ्या जमिनीत पाणी मुरतं, त्यामुळे पुनर्भरणाचे खड्डे तिथे खरंच काम करतात. बेळगावच्या पूर्वेला काळ्या मातीत तेच खड्डे नकाशावर शोभून दिसतात, बाकी डबकं होतं.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे कृष्णेच्या काठावर असाल तर पर्यावरण मंजुरीच्या आधी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराची रेषा आपल्या उताऱ्यावर टाकून बघा. बाकी चर्चा त्यानंतर.

आणि चंदगड. बेळगावातून पंधरा-वीस किलोमीटरवर शिनोळी लागली की महाराष्ट्र. ‘तिकडे जमीन घेऊ, सगळं मराठीत, सोपं पडेल,’ असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. कागद मराठीत हे खरं, आणि ते सुख मी कमी लेखत नाही. इकडे स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणारी माणसं मी रोज बघतो. पण अधिसूचना केंद्राची आहे. वीस हजारांचा उंबरठा तोच, फॉर्म तोच, आणि तो दोन्हीकडे इंग्रजीतच. फाइल बेंगळुरूऐवजी मुंबईला जाते एवढंच. घाटाच्या मसुद्यात चंदगडचीही गावं आहेत. वर एक जादा अडचण: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. कर्नाटकाने ती अट २०२० मध्ये काढली.

फरक पडतो तो वाद झाल्यावर. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत, फार तर सबळ कारण देऊन आणखी ६० दिवसांत दाद मागता येते. चंदगडचं प्रकरण पुण्याला जातं. बेळगावचं चेन्नईला. पुणे आपल्याला एका रात्रीच्या एसटीवर आहे, चेन्नई नाही. हे बिल्डरला सोयीचं वाटेल. खालच्या बांधावरच्या शेतकऱ्याला विचारा. मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बेळगावात स्थानिक भाषा कोणती, यावर आपण सत्तर वर्षं भांडतो आहोत. तेव्हा कन्नड पेपरही चाळत जा, मुदत तिथूनच सुरू झालेली असू शकते.

सीमेबद्दल एक गैरसमज. राज्याच्या सीमेपासून ५ किलोमीटरच्या आतले प्रकल्प दिल्लीला जातात, हे कोणीतरी अर्धवट ऐकलेलं असतं. कारखाने, खाणी अशा इतर प्रकारांना ती सर्वसाधारण अट आहे. बांधकामाला नाही. यावरही बरीच कोर्टबाजी झाली, पण ऑगस्ट २०२५ च्या निकालाने बांधकामांची तपासणी राज्य प्राधिकरणाकडेच राहिली.

बापूला मी काय सांगितलं

घरात कोणाला पैसा तातडीने हवा असेल, वाटण्या अडल्या असतील, आणि ड्रेनेजची मुख्य लाइन जमिनीच्या तोंडाशी खरोखर आलेली असेल, तर प्लॉट. लाइन ‘मंजूर झाली आहे’ हे पुरेसं नाही. चेंबरचं झाकण उघडून बघा. लाइन नसेल आणि जमीन नाल्याच्या वरच्या अंगाला असेल, तर मी मंजुरी घेऊन बांधलेलं अपार्टमेंट पसंत करतो. १४० फ्लॅटचं नाही, पूर्ण १६० चं. कारण त्यात निदान एक तरी कागद असा असतो, ज्यात सांडपाण्याचं उत्तर लिहून द्यावं लागतं आणि ते मोडलं तर बोट ठेवायला जागा असते.

बापूला हे पटलं नाही. ‘तू कागदवाला, तुला कागद दिसतो,’ म्हणाला. वहिनीने मात्र बिल्डरला निरोप धाडला की करार दिवाळीनंतर बोलू, त्याआधी तुमचा तो सल्लागार कोण आहे त्याला आषाढात एकदा शेतावर पाठवा, गुडघाभर पाण्यातून नेऊन दाखवते. बांधावरच्या आंब्याच्या बुंध्यावर २०१९ च्या पाण्याची खूण सासऱ्यांनी कोयत्याने करून ठेवली आहे. सल्लागार अजून आलेला नाही.